कडेची नजर

वनिता घरत हल्ली ओळख दाखवत नाही, अशी तक्रार पेणच्या बाजारात कुणी ना कुणी करायचंच. भाजीवालीने हाक मारली की ती दचकून वळायची, पण शेजारून हात हलवत जाणाऱ्या माणसाकडे ढुंकूनही बघायची नाही. शाळेत खेळाची शिक्षिका, त्यात कबड्डीची पंच म्हणून रायगड जिल्ह्यात मोठं नाव. बाईच्या डोक्यात हवा गेली, असं म्हणून लोक मोकळे व्हायचे.

वनिताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पन्नाशी ओलांडली तरी आपली नजर शाबूत आहे, असंच तिला वाटत होतं. सुईत दोरा ओवायला तेवढा चष्मा लागायचा. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासायचा, जिन्याची शेवटची पायरी चुकायची, ते ती घाईवर ढकलायची. नवरा नरेश म्हणायचा, "तुझं सगळं लक्ष मैदानावर. घरात नुसतं अंग वावरतं."

जवळचा चष्मा बदलायला ती दुकानात गेली आणि तिथे गोष्ट उघडकीला आली. डोळ्याच्या आतला पडदा तपासणारी यंत्रं आता साध्या चष्म्याच्या दुकानांतही आली होती. दुकानदाराने तिला हनुवटी टेकवायला सांगितली, समोरचं चित्र वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि चष्म्याचं बोलणंच सोडून दिलं.

"मॅडम, आधी अलिबागला डॉक्टर मुकादमांना दाखवून या. फ्रेमचं नंतर बघू."

"मोतीबिंदू असणार," गाडी चालवता चालवता नरेश म्हणाला. "काकीचा नाही का काढला? सकाळी गेली, दुपारी घरी येऊन मासे साफ करत बसली."

डॉक्टर फरीदा मुकादम वनिताच्याच वयाच्या होत्या. सगळ्या तपासण्या उरकल्यावर त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मोतीबिंदू नाही, घरत मॅडम. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, आणि बऱ्याच वर्षांपासूनचा."

"मग तो काढा ना."

"काढण्यासारखं त्यात काही नसतं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, भिंग बदललं की काम झालं. काचबिंदूचं दुखणं मागे असतं." त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यात सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडत असतं. मोरीच्या जाळीत कचरा साठत जावा तशी ती जाळी काही जणांत हळूहळू तुंबते. पाणी आत येतं तेवढं बाहेर जात नाही, दाब वाढतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत लाखो तंतू असतात, ते त्या दाबाखाली मरत जातात. सुरुवात बहुतेक वेळा कडेच्या नजरेपासून होते. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचं औषध अजून निघालेलं नाही.

"पण मला सगळं दिसतंय," वनिता म्हणाली. "कुठे काळं नाही, धूसर नाही. तुमच्या मागचं कॅलेंडरही वाचून दाखवते."

"वाचाल. मधली नजर चांगली आहे तुमची. आता माझ्या नाकाकडे बघा आणि नजर हलवू नका. खाली डाव्या हाताला टेबलावर काय दिसतंय?"

"टेबलक्लॉथ. निळ्या चौकटींचा."

"चौकटी अखंड आहेत?"

"अखंड."

"आता बघा."

वनिताने मान खाली केली. चौकटींवर डॉक्टरांची पर्स, पाण्याची बाटली आणि टॉर्च पडलेली होती. तिने हात पुढे करून बाटलीला बोट लावून पाहिलं.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "जिथून काही खबर येत नाही तिथे मेंदू काळं दाखवत नाही. आजूबाजूचं बघून अंदाजाने भरून काढतो. चौकटी आहेत ना, मग तिथेही चौकटीच असतील. म्हणून तर लोक येतात तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याला दिसत नाही, हेच मुळी दिसत नाही."

औषधाचे थेंब त्याच दिवशी सुरू झाले. पुढच्या महिन्यात छोटी शस्त्रक्रियाही ठरली. तोवर आणि त्यानंतरही वापरायला डॉक्टरांनी तिला नव्याने निघालेला एक चष्मा दिला. दिसायला तो चारचौघांच्या चष्म्यासारखाच होता. वनिताच्या नजरेचा नकाशा त्यात भरलेला होता: कुठला भाग जिवंत, कुठला मेलेला. तिची बुबुळं कुठे वळली आहेत यावर एक कॅमेरा लक्ष ठेवायचा, दुसरा समोरचं जग बघायचा. मेलेल्या भागात काही हललं की चष्म्याची काडी त्या बाजूच्या कानामागे हलकेच टकटक करायची. त्या भागात चित्र दाखवणं चष्म्यालाही शक्य नव्हतं, कारण तिथली तारच तुटलेली होती. तो फक्त सांगायचा: तिकडे काहीतरी आहे आणि तुला दिसत असलेलं खरं नाही. पेशंट लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं टिचकी.

पहिले काही दिवस टिचकीने तिचा जीव नकोसा केला. ओट्याशी उभी राहिली की टकटक, मांजर पायात आलेलं. रस्त्यावर टकटक, सायकलवाला. शाळेच्या मैदानावर तर डावा कान नुसता बधिर व्हायचा, इतकी मुलं तिच्या न दिसणाऱ्या भागातून धावत होती. ती प्रत्येक वेळी मान वळवायची आणि प्रत्येक वेळी तिथे काहीतरी खरंच असायचं. आपण इतकी वर्षं पाहिलेल्या जगात आपला अंदाज किती होता, या विचाराने तिला भोवळ यायची.

शनिवारी प्रांजल घरी आली. वनिताची ही एकुलती मुलगी पनवेलला नोकरी करायची. आईच्या इच्छेविरुद्ध तिने ती धरली होती आणि गेलं वर्षभर दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं. नरेशने तिला फोनवर सगळं सांगितलं असावं. ती आली ती सरळ आईच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

टकटक झाली. वनिताने मान वळवली. "अगं, कधी आलीस?"

प्रांजलचे डोळे भरून आले. "आई, गेल्या गौरी-गणपतीला मी स्टँडवर उतरले होते. तू समोरून आलीस. मी हात केला, तू माझ्या बाजूने सरळ निघून गेलीस. मला वाटलं, अजून राग धरून आहेस. तशीच उलट्या गाडीने पनवेलला गेले."

"तू आली होतीस?" वनिताने तिचा हात धरला. तिला आठवत होतं ते एवढंच, की त्या सणाला मुलगी आली नाही आणि नैवेद्याचं ताट तिने मुकाट्याने शेजारच्यांकडे पाठवलं होतं.

दोघींनी बरंच रडून घेतलं. मग वनिताच्या मनात वेगळीच भीती शिरली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार घराण्यात उतरू शकतो, सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करा. तिची स्वतःची आई म्हातारपणी भिंतीला धरून चालायची, ताटाबाहेर हात घालायची. सगळे म्हणायचे, वय झालं. ते वय नव्हतं, हे आता तिला कळत होतं.

"तू तपासून घे," ती प्रांजलला म्हणाली.

"घेईन गं. आधी तुझं होऊ दे."

"आधी तुझं," मैदानावर ज्या आवाजात निर्णय द्यायची त्याच आवाजात वनिता म्हणाली.

रविवारी बाळाराम म्हात्रे आले. तेही पंच. वीस-बावीस वर्षं दोघांनी समोरासमोरच्या रेषांवर उभं राहून सामने काढले होते. आता ते जिल्हा संघटनेचे सचिव होते.

"ताई, अंतिम सामना नवतरुण आणि सागरगर्जनाचा. दोन्ही संघ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पंच म्हणून दोघांनी मिळून एकच नाव मान्य केलंय. तुमचं."

"बाळारामभाऊ, माझ्या डोळ्यांचं कळलंय ना तुम्हाला?"

"कळलं. थेंब चालू आहेत ना? चष्मा आहे ना? एकच तर सामना आहे. नंतर घ्या रजा."

त्या काळात पंचाच्या शब्दाला पुन्हा सोन्याचं मोल आलं होतं. पूर्वी प्रेक्षक मोबाइलवरचं चित्रण नाचवत यायचे. आता चहा पिऊन होईपर्यंत कुणीही पोर हवं ते चित्रण तयार करायचं. पाय आत हवा असेल तर आत, बाहेर हवा असेल तर बाहेर. एकदा अशाच दोन चित्रणांवरून डोकी फुटली, तेव्हा संघटनेने नियम केला: जिल्ह्याच्या सामन्यात चित्रण पुरावा नाही. माणसाने डोळ्यांनी पाहिलं तेच खरं.

आणि वनिताचे डोळे खरे, हे सगळ्यांना माहीत होतं. नव्या पंचांना ती शिकवायची, "हात बघायचा मधल्या नजरेने, पाय बघायचा कडेच्या नजरेने. पायाकडे बघायला गेलात तर हात हुकतो." ती कड आता मेली होती. तिने डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "टिचकी तुम्हाला स्कूटरपासून वाचवेल. ती पंचगिरीसाठी बनवलेली नाही. मी असते तर नसते उभी राहिले."

तरीही वनिता हो म्हणाली. शेवटचा सामना, एवढा मोह तिला आवरला नाही. नरेशने तिचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला आणि बाहेर जाऊन बसला.

सामना वडखळच्या शेडमध्ये मॅटवर होता. लोक पत्र्याखालच्या खांबांवर चढून बसले होते. पूर्वार्ध बरा गेला. कानामागे टकटक झाली की वनिता मान किंचित झुकवून रेषा नजरेत घ्यायची. घामाने काडी घसरत होती, मान दुखायला लागली होती, पण एकही निर्णय चुकला नाही. पलीकडच्या रेषेवरून बाळारामांनी एकदा अंगठा दाखवला.

उत्तरार्धात गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई उरली. सागरगर्जनाचा सुजल ठाकूर चढाईला आला. काटकुळा, लांब हातांचा मुलगा. त्याने दोनदा हूल दिली आणि वनिताच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या बचावपटूवर झेप घेतली. एक पाय रेषेलगत, हात पुढे ताणलेला. गडी टिपण्याआधी पाय रेषेबाहेर पडला असेल तर तो बाद आणि सामना नवतरुणचा. आतच राहिला असेल तर सामना सागरगर्जनाचा.

वनिताची मधली नजर हातावर होती. बोटं बचावपटूच्या दंडाला लागली. स्वच्छ, शंकेला जागा नाही. आणि खाली रेषा तिला दिसत होती. मोकळी, पांढरी, अखंड. कुठेही पाय नाही.

त्याच क्षणी डाव्या कानामागे टकटक झाली.

सुजल उसळून मध्यरेषेपार गेला होता. शेड दणाणत होती. पाच हजार डोळे वनिताच्या हाताकडे लागले होते आणि गुण द्यायला तो हात अर्धा वर गेलाही होता. रेषा मोकळी होती. देवाशपथ मोकळी होती, तिने पाहिली होती. असाच मोकळा तिने डॉक्टरांच्या टेबलावरचा निळ्या चौकटींचा टेबलक्लॉथ पाहिला होता. तिथे पाय होता एवढं नक्की. रेषेच्या आत की बाहेर, ते या जगात तिला कळायला मार्ग नव्हता. तिच्या डोक्यात एक चित्रण तयार झालं होतं, बाहेरची पोरं मोबाइलवर करतात तसंच बनावट, आणि तिला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

हात तसाच वर ठेवला असता तर कुणीही शंका घेतली नसती.

तिने हात खाली घेतला. शिट्टी वाजवली. मुख्य पंचांच्या टेबलाजवळ गेली. दोन्ही कर्णधार धावत आले, बाळारामही आले.

"मला पाय दिसला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" मुख्य पंचांना कळेना. "कुणी आडवं आलं?"

"कुणी आलं नाही. पाय माझ्यासमोरच होता. माझ्या डोळ्यांना काचबिंदू आहे, खालची डावी बाजू मला दिसत नाही. हात लागलेला दिसला. पायाचं मी सांगू शकत नाही. सांगितलं तर तो अंदाज असेल."

बाळाराम दातओठ खात पुटपुटले, "ताई, काय करताय हे?"

"तुम्हाला दिसला?" तिने विचारलं.

ते पलीकडच्या रेषेवर होते, मध्ये सुजलचं अंग होतं. त्यांनी मान हलवली. "नाही."

बऱ्याच आरडाओरड्यानंतर चढाई पुन्हा घ्यायचं ठरलं. वनिताच्या जागी राखीव पंच उभा राहिला. सुजल पुन्हा आला, पण त्याच्या अंगातला जोर गेला होता. नवतरुणच्या तिघांनी त्याला मध्यरेषेच्या अलीकडेच दाबला. सामना नवतरुणने जिंकला.

बाटल्या भिरकावल्या गेल्या. कुणीतरी ओरडलं, "आंधळी पंच!" सुजल घामाने निथळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, माझा पाय आत होता. खरंच दिसला नाही?"

"खरंच नाही रे, बाळा."

तो वळून निघून गेला. बाळाराम गाडीपर्यंत आले ते फक्त एवढं सांगायला, "जिल्ह्याची इज्जत घालवलीत. तुम्ही अंदाजाने जरी बोलला असतात ना, लोकांनी ऐकलं असतं."

"म्हणून तर बोलले नाही," वनिता म्हणाली.

नरेशने गाडी सुरू केली. तिला वाटलं होतं आपण रडू. त्याऐवजी जांभई आली. निदान झाल्यापासून तिला धड झोप लागली नव्हती. प्रत्येक गोष्ट लपवायची, सांभाळायची, मान वळवून शहानिशा करायची. पेण येईपर्यंत ती नरेशच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली होती.

पुढे शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर मुकादमांनी दोन्ही डोळ्यांत केसाहून बारीक नळी बसवली. तुंबलेल्या जाळीला वळसा घालून पाणी त्यातून बाहेर झिरपायला लागलं. नळीच्या टोकाला दाब मोजणारा कण होता. दाब चढला तर तो चष्म्याला कळवायचा. "गेलेलं मी परत आणू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण आहे ते राखायचा प्रयत्न करू." प्रांजलची तपासणी त्याच आठवड्यात झाली. नस ठणठणीत, फक्त दरवर्षी येत जा, असा निरोप मिळाला. तो ऐकून वनिताने दवाखान्याच्या बाकावर बसूनच देवाला हात जोडले. स्वतःच्या निदानाच्या दिवशी तिला देव आठवलासुद्धा नव्हता.

पंच म्हणून ती पुन्हा उभी राहिली नाही. नव्या हंगामात कुंपणाबाहेर उभं राहून पहिला सामना बघताना तिचा हात राहून राहून गळ्यातली शिट्टी शोधत होता. सागरगर्जनाचे लोक तिला बघून अजून तोंड फिरवत होते. पण बाजारात एक बदल झाला होता. लोक आता तिच्या उजव्या बाजूने येऊन बोलायचे. तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःचे डोळे तपासून आले होते. संघटनेनेही सगळ्या पंचांना तपासणी सक्तीची केली. ठरावावर सचिव म्हणून बाळारामांचीच सही होती, पण त्यांनी वनिताला फोन काही केला नव्हता.

वर्षाने ती तपासणीला अलिबागला गेली. नरेशला बरं नव्हतं म्हणून प्रांजल गाडी घेऊन आली होती. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात कुणीतरी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलं होतं. टकटक झाली नसती तर वनिताला ते दिसलंही नसतं. तिने मान वळवली. वर्तमानपत्र उलटं होतं.

"बाळारामभाऊ?"

पेपर खाली आला. तपासणीसाठी घातलेल्या औषधाने त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बटणाएवढ्या मोठ्या झाल्या होत्या. "आलो होतो असाच," ते म्हणाले. पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "माझाही निघाला. काचबिंदू."

वनिता त्यांच्या शेजारी बसली. "किती गेलंय?"

"काहीच नाही. डॉक्टर म्हणाल्या, दाब वाढलाय, नस जेमतेम झिजायला लागली होती. थेंबांवर भागेल म्हणाल्या." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "ताई, नियमच होता म्हणून आलो. नाहीतर मी कुठला येतो? मला तर सगळं दिसतंय."

"मलाही दिसत होतं."

"त्या दिवशी मी तुम्हाला बोललो..."

"बोललात. आता जाऊ द्या," ती म्हणाली. "थेंब चुकवू नका म्हणजे झालं."

तिला आत बोलावलं. डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा नकाशा आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवले. डॉक्टर बराच वेळ बघत होत्या, आणि मग त्यांनी चष्मा काढून हसून तिच्याकडे पाहिलं.

"काही बदल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवढं होतं तेवढं सगळं आहे. तसूभरही गेलेलं नाही."

असल्या बेचव वाक्याने एवढा आनंद होईल, असं वनिताला कधी वाटलं नव्हतं. बाहेर येऊन तिने ते प्रांजलला सांगितलं, बाळारामांना सांगितलं, मग फोन करून नरेशला सांगितलं, आणि दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या बाईनेही विचारलं म्हणून तिलाही सांगितलं.

बाळाराम मोटारसायकलवर आले होते. पण औषधामुळे त्यांना समोरचा रस्ता नुसता लखलखीत पांढरा दिसत होता. वनितालाही तेच थेंब घातले होते. दोघांना दोन दंडांना धरून प्रांजलने गाडीत मागे बसवलं. मोटारसायकल दवाखान्याच्या आवारातच राहिली.

पोयनाड मागे पडल्यावर बाळाराम म्हणाले, "यंदा बोनसचा नियम बदललाय, वाचलात? बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत असायला हवा, ते काढून टाकायचं चाललंय."

"काढायला कशाला हवं? मागचा पाय जमिनीवर असताना बोनस कसला?"

"अहो, पण पोरांना ते..."

"पोरांचं काय घेऊन बसलात? नियम म्हणजे नियम."

"ताई, तुम्ही ऐकून तर घ्या."

"ऐकते ना. चुकीचं बोलताय, तेच ऐकते."

दोघांचे आवाज चढत गेले. उन्हाने मिटत चाललेल्या डोळ्यांनी, एकमेकांचं तोंड धड दिसत नसताना, दोघं हातवारे करकरून मध्यरेषा, बोनस रेषा, उजवा पाय, डावा पाय सगळं सीटवर आखत होते. वडखळच्या नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा प्रांजलने आरशात पाहिलं.

"आता एक शब्द जरी बोललात," ती म्हणाली, "तर दोघंही बाद!"

वनिता हसायला लागली, तिच्या पाठोपाठ बाळारामही, आणि सिग्नल सुटला तरी दोघांचं हसू थांबेना.